लुदिवियाने पाणी दिलेले गिअर

लुदिविया तेवीस वर्षांची होती तेव्हा एक माणूस दर शनिवारी तिच्या आईच्या मांसाच्या दुकानात यायचा आणि मांस सोडून बाकी सगळं मागायचा.

"हाडं," एवढंच म्हणायचा. "खुरं असली तर खुरं. शिंगंही चालतील."

कालार्का गावच्या मंडईत सांकोचोच्या रश्शासाठी नळीचं हाड मागणारे पुष्कळ. कुत्र्याला म्हणून बरगडी नेणारेही पुष्कळ. पण पोतंभर? आणि तेही अंगाला मांसाचा कण न चिकटलेलं? लुदिवियाची आई, दोन्या बर्तिल्दा, हाडं तोलताना त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघायची. माणूस तिशीतला, काडीसारखा, कपडे स्वच्छ, बोलणं जेमतेम. पण चेहऱ्यात काहीतरी कमी होतं. काय कमी होतं ते लुदिवियाला तिसऱ्या शनिवारी कळलं. त्याला भुवयाच नव्हत्या.

मंडईत तर्कांना ऊत आला. कोथिंबीरवाली म्हणाली, चिकटवायचा सरस उकळत असणार. मासळीवाला शपथेवर सांगू लागला की त्याने घरात वाघ पाळलाय. दोन्या बर्तिल्दाचा निकाल सगळ्यांच्या आधीच लागला होता: "चेटूक. दुसरं काय?"

शेवटी लुदिवियाने सरळ विचारलं, "अहो, एवढ्या हाडांचं करता काय? सूप?"

"नाही."

"कुत्री आहेत?"

"नाही."

"मग?"

तो बराच वेळ विचारात पडला. खरं सांगावं की नाही याचा नव्हे, कमीत कमी शब्दांत कसं सांगावं याचा. मग म्हणाला, "लोखंडाला चारतो."

आता लुदिवियाला एक खोड होती. हसू एकदा सुटलं की आवरायचं नाही. त्यापायी तिला चर्चमधून दोनदा आणि एका मयतीतून एकदा बाहेर काढलं होतं. ती हसता हसता काट्यावरच ओणवी पडली, आणि आईने सवयीने आकडा वाचून टाकला. तो माणूस रागावला नाही. हसणं संपेपर्यंत पोतं खांद्यावर घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मंगळवारी या. मंगळवारी पेटी उघडतो."

त्याचं नाव अन्सिसार बुइत्रागो. नदीच्या उतारावर, कॉफीच्या गिरणीमागे त्याची भट्टी होती. मंगळवारी लुदिविया गेली, आणि आई नको म्हणाली होती म्हणून अर्धा तास आधीच गेली.

तिने बघितलं ते असं. हाडं आणि खुरं आधी झाकून भाजायची, त्यांचा काळा कोळसा करायचा आणि तो भरड कुटायचा. त्यात लाकडाचा कोळसा आणि मूठभर धुण्याचा सोडा. एका लोखंडी पेटीत हे काळं पीठ अंथरायचं, त्यावर मऊ पोलादाचा गिअर ठेवायचा, पुन्हा पीठ, पुन्हा गिअर, जसं लोणचं बरणीत भरावं तसं. झाकण ओल्या चिकणमातीने लिंपून टाकायचं आणि पेटी सहा तास लालभडक भट्टीत ठेवायची. आत कोंडलेल्या त्या उष्णतेत कोळसा लोखंडाच्या कातडीत शिरतो. फार खोल नाही, नखाच्या जाडीएवढाच. मग गिअर लाल असतानाच बाहेर काढून एकदम बुडवायचा. याला पाणी देणं म्हणतात, पण देतात तेल.

अन्सिसारने झाकण फोडलं, सांडशीने लाल गिअर उचलला आणि तेलात सोडला. भस्सकन ज्वाळा वर आली. त्याने मान मागे घेतली, पण जरा उशिराच. भुवया कुठे गेल्या ते लुदिवियाला समजलं.

गिअर निवल्यावर त्याने तिच्या हातात कानस दिली. "घासा."

तिने घासलं. कानस काचेवरून सटकावी तशी सटकली. तिने जोर लावला. ओरखडासुद्धा नाही!

"आरपार असा कडक?"

"नाही. आत मऊच. आरपार कडक केला तर फुटेल. मऊ ठेवला तर झिजेल." हे त्याच्या मानाने भाषणच होतं. दमून तो स्टुलावर बसला.

लुदिवियाला हसू फुटलं. यात विनोद काहीच नव्हता, तरी फुटलं. ते हसू माणसामुळे होतं की भट्टीमुळे, हे तिला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही. त्या दिवसापासून ती स्वतःच पोतं घेऊन उतार उतरू लागली. निवडक हाडं, साफ खरवडलेली.

"मुलं मुलींना फुलं नेतात," दोन्या बर्तिल्दा कपाळाला हात लावायची. "माझी पोरगी त्या खांबाला खुरं नेते!"

वर्षभरात लग्न झालं. लग्नाच्या फोटोत दोघांनाही भुवया नाहीत.

पुढची सहा वर्षं लुदिविया भट्टीवर राबली. हाडं भाजणं तिच्याकडे, कुटणं तिच्याकडे, पेटी भरणं आणि लिंपणंही तिच्याकडे. आगीची वेळ ठरवायची आणि पाणी द्यायचं, तेवढं मात्र अन्सिसारने स्वतःकडे ठेवलं होतं. कंजूषपणाने नव्हे, शिकवायचं म्हणजे बोलावं लागलं असतं. ती बघून बघून शिकली. गिऱ्हाइकांना मात्र वाटायचं, ही आपल्याला कॉफी द्यायला असते.

मग आलं एक्क्याण्णव साल आणि जूनची जत्रा.

जत्रेत यिपाओ असतो, जीपगाड्यांची मिरवणूक. एरवी याच जीपा डोंगरातून कॉफी, केळी, कसावा आणि अख्खी कुटुंबं वाहतात. त्या दिवशी मागच्या बाजूला इतका माल लादतात की पुढची चाकं हवेत जातात, आणि मग उधळलेल्या घोड्यासारखी गाडी मागच्या दोन चाकांवर उभी करून चौकात गरगर फिरवतात. या खेळात दॉन ओविदिओ लोंदोन्योचा हात धरणारा कोणी नव्हता, असं दॉन ओविदिओ स्वतः सांगायचा. त्याच्या लाल जीपचं नाव लाडूबाई. बायकोपेक्षा तो तिला जास्त वेळा पुसायचा.

मिरवणूक शनिवारी. गुरुवारी सकाळी दॉन ओविदिओ हॅट उलटी धरून भट्टीवर आला. हॅटमध्ये लोखंडाचे तुकडे.

"बघा हो, दोन्या लुदिविया! डिफरन्शियलचे गिअर. नवेकोरे आणले होते कुणाकडून तरी, तासाभरात दात पडले! माझ्या आजोबांचे ऐंशीव्या वर्षी पडले होते."

ते गिअर म्हणजे मागच्या आसाच्या पोटातली लिंबाएवढी दोन दातेरी चाकं. गाडी वळताना एक चाक जास्त पळतं, एक कमी. त्यांच्यात समेट घडवायचं काम या दोघांचं. गाडी गरगर फिरवायची तर सगळा जीव यांच्याच दातांत. लुदिवियाने एक तुकडा उजेडात धरला. मोडलेली बाजू पार मध्यापर्यंत चकचकीत, बारीक दाण्याची.

"आरपार कडक केलेत. काचेसारखे. फुटणारच."

"शेजारच्या लेथवाल्याने हे नवे कापून दिलेत, पण मऊ आहेत." त्याने खिशातून दोन चकचकीत गिअर काढले. "यांना पाणी द्यायचंय. अन्सिसार कुठाय?"

"त्यांना गालगुंड झालंय."

खरं तर मंगळवारीच झालं होतं. पण अन्सिसारचं बोलणं बंद पडल्याचं बुधवार संध्याकाळपर्यंत कोणाच्या लक्षातच आलं नाही. तो मागच्या खोलीत गालांना फडकं बांधून पडला होता. तोंड उघडत नव्हतं. काही हवं असलं की भिंतीवर टकटक करायचा: एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

"मेलो!" दॉन ओविदिओ म्हणाला. "आता पाणी कोण देणार?"

"मी."

तो हसला. मनापासून, अगदी मायेने हसला, आणि तेच वाईट झालं. "बाई, तुमच्या हातचा सांकोचो मी तीन ताटं खाईन. पण गिअर? परवा चौकात दात गेले तर हजार माणसांसमोर नाकावर आपटेन मी!"

"तुम्ही एकटे कशाला? मीही आपटते. लाडूबाईवर मालाच्या पार शेंड्यावर मी बसेन. माझा गिअर फुटला तर तुमच्या आधी मी खाली."

वाक्य तोंडातून गेल्यावर लुदिवियाने ते ऐकलं. तिला शिडीच्या तिसऱ्या पायरीवरही गरगरायचं. पण गेलेलं वाक्य काही सांडशीने परत उचलता येत नाही.

दॉन ओविदिओने तुकडे खाली ओतून हॅट डोक्यावर घातली. "शब्द?"

"शब्द."

भिंतीतून टकटक. टकटक. टकटक.

"काय म्हणतोय तो?"

"हो म्हणतायत," लुदिविया म्हणाली.

शुक्रवारी पहाट फुटताना तिने पेटी भरली, झाकण लिंपलं आणि झाकणाच्या भोकातून नेहमीप्रमाणे मऊ लोखंडाची तार आत खुपसून ठेवली. तार म्हणजे पेटीच्या पोटातली बातमी. ती मधूनच ओढायची, बुडवायची आणि मोडून बघायची. कडक साल किती चढली ते मोडलेल्या टोकावर दिसतं.

भट्टी तापली. ती भिंतीकडे तोंड करून ओरडायची, "अहो! रंग पिकलेल्या कॉफीसारखा झालाय. अजून चढवू?"

टक.

"आता संत्र्याच्या सालीकडे झुकलाय. पुरे?"

टक.

असा संसार दुपारपर्यंत छान चालला. सहा तास झाले आणि भिंतीवर न विचारताच जोरात टक झालं. अन्सिसारची वेळ सहा तासांची. त्यात कधी बदल नाही.

लुदिवियाने तार ओढून तेलात बुडवली आणि मोडली. मधला भाग राखाडी, खरबरीत. बाजूने बारीक दाण्याची रेघ होती खरी, पण कांद्याच्या पापुद्र्याएवढी. हाडं या वेळी ओलसर होती, भाजताना धूर फार झाला होता, हे तिला ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

"अहो, साल पातळ आहे. अजून एक तास ठेवते."

टकटक!

"कांद्याएवढी आहे हो!"

टकटक! टकटक! टकटक! भिंतीवरचा पोपडा निघाला.

लुदिवियाला हसू येत होतं. सहा वर्षांत नवरा तिच्याशी इतकं सलग कधी बोलला नव्हता. "ऐकू येत नाही!" ती ओरडली आणि भट्टीत कोळसा ढकलला.

सात तासांनी तिने झाकण फोडलं. दोन्ही गिअर नारिंगी, अंगातून उजेड बाहेर पडतोय असे. एक उचलला, सोडला. भस्स! दुसरा. भस्स! निवल्यावर तिने कानस घेतली. पहिल्या दातावरून सटकली. दुसऱ्यावरून सटकली. तिने एकेक करून सगळे दात तपासले आणि दर दातागणिक तिचं हसू वरच्या पट्टीत जाऊ लागलं. शेवटी भिंतीतून एकच टक आलं, बारीकसं. त्याचा अर्थ हो होता की पुरे, ते तिने विचारलं नाही.

पण काम अजून संपलं नव्हतं. ताजं पाणी दिलेलं पोलाद चिडकं असतं, जरा ठोकर लागली की तडकतं. त्याला मंद आचेवर तासभर शांत करावं लागतं. या कामाला अन्सिसार कायम समोरच्या नोएमीच्या बेकरीची भट्टी वापरायचा. पावाला लागते तेवढीच आच गिअरला लागते.

शनिवारी सकाळी सहाला लुदिविया बेकरीत पोचली तर तिथे जत्रेची झुंबड. नोएमी कोपरापर्यंत पिठात.

"लुदिविया, माझे आई, आज तरी लोखंड नको गं! अख्खं गाव चीजचे पांदेबोनो मागतंय!"

"एकच तास. पाठीमागे कोपऱ्यात ठेव."

"ठेव, ठेव. आणि जा, मध्ये उभी राहू नकोस."

लुदिविया लाडूबाईकडे गेली. दॉन ओविदिओ गाडीखाली उताणा, आसाचं पोट उघडं टाकलेलं. तासाभराने ती परत आली. भट्टीतल्या तव्यावर एक गिअर होता. एकच.

"दुसरा?"

"दोनच होते ना? असतील की तिथेच," नोएमी म्हणाली आणि मग तिचा चेहरा पिठाहून पांढरा झाला. जागा संपली म्हणून शेवटच्या खेपेचे डझनभर पांदेबोनो तिने त्याच तव्यावर लावले होते. चीजचं पीठ फुगतं, पसरतं, शेजारी जे असेल त्याला पोटाशी धरतं. एका पांदेबोनोने गिअर गिळला होता, आणि तो पांदेबोनो विकला गेला होता.

"कोणाला?"

"अगं, मला काय माहीत! बँडवाल्यांनी सहा नेले. तुझ्या आईने तीन. उरलेले तीन पाद्रे आर्सेसिओंनी."

आधी बँड. लुदिविया चौकात धावली. सहाही जण खाऊन ढेकर देत होते. "पोटात काही जड वाटतंय का?" तिने विचारलं. ढोलवाला म्हणाला, "बाई, सकाळपासून वाटतंय, पण ते कालच्या दारूचं." मग आई. दोन्या बर्तिल्दाने दुकानात तिन्ही पांदेबोनो काट्यावर ठेवून दाखवले. "जड असता तर मी फुकट वजन सोडलं असतं का? आणि तू जीपवर बसणारेस म्हणे? सगळी मंडई सांगतेय. मी मेल्यावर बस!"

"आई, नंतर!"

पाद्रे आर्सेसिओ चर्चच्या पायऱ्यांवर होते. समोर साठ जीपा रांगेत उभ्या, आशीर्वाद चाललेला. एका हातात तीर्थाचं भांडं, दुसऱ्या हाताने शिंतोडे, आणि झग्याचा उजवा खिसा खाली ओढल्यासारखा लोंबलेला. लुदिवियाचा जीव खिशाकडे लागला. ती रांगा चिरत पायऱ्या चढली.

"पाद्रे! पांदेबोनो!"

"मुली, आधी आशीर्वाद, मग न्याहारी."

"तुमच्या खिशातला! तुम्ही खाल्लात?"

पाद्रेंचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. त्यांनी भांडं खाली ठेवून गालावर हात नेला. "दोन खाल्ले. तिसरा चावला आणि माझ्या डोळ्यांपुढे सगळे संत उभे राहिले. मला वाटलं, नोएमीने यंदा प्रायश्चित्त भाजलंय. माझा हा दात..."

"खूण पडली का?"

"थोडा हललाय. पडला नाही, देवाची कृपा."

"दाताला नाही हो, गिअरला! गिअरवर खूण पडली का?"

पाद्रेंनी खिशातून पांदेबोनो काढला. एका बाजूने चावलेला, आणि त्या चाव्यातून काळा, तुकतुकीत दात बाहेर बघत होता. लुदिवियाने पीठ नखाने खरवडलं, गिअर उन्हात धरून फिरवला. कुठे काही नाही. साधा चरासुद्धा नाही. ती तिथेच पायरीवर बसली आणि हसू लागली. पाद्रेंनी तिला चर्चबाहेर काढलं असतं, पण ती आधीच बाहेर होती. मग तेही हसायला लागले, गाल धरून, आणि राहिलेलं तीर्थ त्यांनी गिअरवर शिंपडलं.

"पाद्रे, गंजेल!" ती ओरडली आणि पदराने... पदर कुठला, स्कर्टाच्या टोकाने पुसत पळत सुटली.

अकरा वाजता आसाचं पोट बंद झालं. बारा वाजता लाडूबाईवर माल चढला: कॉफीची बारा पोती, केळ्यांचे घड, एक पलंग, दोन कोंबड्या, आणि सगळ्यांवर दोरखंडाने आवळलेली झुलती खुर्ची. दॉन ओविदिओने लुदिवियाला हात दिला. "दोन्या लुदिविया, राहू द्या हवं तर. गमतीत बोललो होतो."

"मी नव्हते बोलले गमतीत," ती म्हणाली. ती चढली, खुर्चीत बसली, कोणीतरी तिच्या कमरेभोवती दोर बांधला. वरून चौक परातीएवढा दिसत होता.

बँड सुरू झाला. लाडूबाई मध्यावर आली. दॉन ओविदिओने इंजिन गर्जवलं, एक हिसका दिला आणि पुढची चाकं जमिनीवरून उठली.

लुदिवियाची खुर्ची मागे गेली, गेली, आणखी गेली. आता ती आडवी होती आणि समोर नुसतं आभाळ. मग आभाळ फिरू लागलं. चर्चचा मनोरा आला, गेला. बाल्कनीतल्या बायका आल्या, गेल्या. केळीचं पान, पतंग, पुन्हा मनोरा. पाठीखाली कुठेतरी खोल, पोत्यांच्या आणि पलंगाच्या खाली, ते दोन लिंबाएवढे गिअर दात दातांत घालून साऱ्या गाडीचा भार पेलत होते. ती कान देऊन ऐकत होती. कुरकुर नाही, खटका नाही. घुंग् घुंग् असा एकसारखा आवाज.

"पोरी, उतर! उतर म्हणते ना!" आईचा आवाज दर फेरीला एकदा जवळ येऊन लांब जात होता.

तिसऱ्या फेरीला दॉन ओविदिओने त्याचा पेटंट डाव टाकला. चालती गाडी तशीच फिरत ठेवून तो खाली उतरला, शेजारून चालू लागला आणि लोकांना हॅट काढून सलाम केला. गर्दीने छप्पर उडेल अशी आरोळी ठोकली. एवढ्यात वाऱ्याने हॅट उडवली. हॅटवर त्याचा जीव. तो चार पावलं तिच्यामागे धावला, केळ्याच्या सालीवरून सटकला आणि बसला तो बँडवाल्यांच्या ढोलात.

लाडूबाई फिरतच राहिली. स्टीअरिंगवर कोणी नाही, शेंड्यावर एकटी लुदिविया.

चौथी फेरी. पाचवी. आता लोक ओरडायचे थांबले आणि मोजू लागले. "सहा!" दॉन ओविदिओ ढोलातून सुटून गाडीमागे धावत होता, पण गाडी गोल पळत होती आणि तो गोंधळून उलट्या बाजूने धावत होता, त्यामुळे दर फेरीत दोघांची एकदा गाठ पडायची आणि चुकायची. "सात!" कोंबड्या ओरडत होत्या. लुदिविया हसत होती. इतकी हसत होती की तिला रडल्यासारखं वाटत होतं, पोट दुखत होतं, दोर करकचत होता, आणि तिला अजिबात थांबायचं नव्हतं. "आठ!"

नवव्या फेरीला दॉन ओविदिओने पायरी पकडली, आत उडी मारली आणि लाडूबाईला हळूच चार पायांवर आणलं.

बक्षीस मिळालं नाही. चालकाविना सहा फेऱ्या कुठल्या नियमात बसवायच्या यावर पंचांचा वाद झाला आणि बक्षीस सालेंतो गावच्या एका सरळमार्गी माणसाला गेलं. पण खांद्यावर घेतलं ते लुदिवियाला. खाली ठेवल्यावर ती दोन पावलं सरळ चालली, तिसरं पाऊल आईच्या पायावर पडलं आणि दोन्या बर्तिल्दाने तिला आधी एक चापट मारली आणि मग पोटाशी धरलं, जवळजवळ पांदेबोनोसारखं.

दॉन ओविदिओने तिथेच, सगळ्यांसमोर, गाडीखाली सरपटत जाऊन आस उघडला. तेलाने माखलेला गिअर वर धरून तो पंचांना, पाद्रेंना आणि ज्याला बघायचं नव्हतं त्यालाही दात मोजून दाखवू लागला.

लुदिविया धडपडत भट्टीवर, मागच्या खोलीत पोचली. अन्सिसार भिंतीला टेकून बसला होता. सूज उतरू लागली होती, फडकं सैल झालं होतं.

"किती तास ठेवलास?" तो म्हणाला. पाच दिवसांतले पहिले शब्द.

"सात."

"माहीत होतं. मोजत होतो."

"मग?"

लुदिवियासाठी खोली अजून डावीकडून उजवीकडे फिरत होती, म्हणून तिने पलंगाचा दांडा धरला.

"मी सहाच ठेवले असते," अन्सिसार म्हणाला. "आणि तू पडली असतीस." मग गाल दुखत असतानाही हसला. त्याला असं पूर्ण हसताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. "बरं झालं मला गालगुंड झालं."

त्यानंतर तार बघून वेळ ठरवायचं काम लुदिवियाकडे आलं आणि पुढची तीस वर्षं तिच्याकडेच राहिलं. डोंगरापलीकडून सुद्धा लोक येत आणि "बाईचं पाणी" मागत; अन्सिसार शांतपणे हाडं कुटायचा आणि कोणी विचारलं तर तिच्याकडे बोट दाखवायचा, तेवढंच बोलणं वाचायचं.

पण ते सगळं पुढचं. त्या सोमवारी सकाळी दार उघडलं तर बाहेर अकरा जीपवाले उभे, प्रत्येकाच्या हातात उलटी हॅट आणि हॅटमध्ये गिअर. लुदिवियाने चौकटीला घट्ट धरून त्यांच्याकडे पाहिलं. तिला ते अकरा होते की बावीस, नक्की कळत नव्हतं.

"ओळीत ठेवा आणि उद्या या," ती म्हणाली. "आणि कृपा करून जरा स्थिर उभे राहा. माझं अजून फिरतंय."